टनामागे दोन रुपये आणि पेटलेला फड



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे कारखान्याच्या अग्निशमन केंद्राच्या विस्ताराचा विषय येणार आहे. त्यासाठी टनामागे दोन रुपये कपात सुचवली आहे आणि गटागटांतून कुरकुर सुरू झाली आहे. "बिलातून आणखी काय काय कापाल?" हा प्रश्न आम्हांला रोज बांधावर ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आमचे म्हणणे सभेच्या आधीच मांडतो.

आज कारखान्याच्या आवारात एकच बंब उभा आहे. तो मुळात कारखान्यासाठी घेतलेला. बगॅसची थप्पी, साखर गोदामे, आसवनी यांच्या राखणीला. तो बाहेर गेला की आवार उघडे पडते. त्यावर पगारी माणसे दोन-चार, बाकी सगळी आसपासच्या गावांतली पोरं. खबर आली की हातातलं काम टाकून धावत येतात. अंगावर स्वतःचीच पँट, पायात चप्पल. विमा नाही, भत्ता नाही.

शेवटच्या टोकाचा गट तीस किलोमीटरवर आहे. भरलेला बंब ताशी चाळीसच्या वेगाने निघाला तरी पाऊण तास लागतो, आणि आपले रस्ते हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कसे भरलेले असतात ते सांगायला नको. हेक्टरी आठ-दहा टन सुके पाचट अंगावर घेऊन उभा असलेला ऊस, त्यात उन्हाळी वारा. तो पाऊण तास थांबत नाही. मग त्या भागातला सभासद म्हणतो, "बंब आला तेव्हा राख होती, आम्ही कशाला पैसे द्यायचे?" आमचे उत्तर एवढेच, की बंब तुमच्याजवळ नाही म्हणूनच हे पैसे हवेत. विस्तार व्हायचा तो कारखान्याच्या दारात नव्हे, लांबच्या गटांत.

सरकार करील, असेही काहीजण म्हणतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत अग्निशमन नाही. म्हणजे शहराला बंब आणि शिवाराला देव. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटींची योजना काढली, ती चांगलीच आहे. तिचा लाभ मिळवण्यासाठी संचालक मंडळाने जरूर अर्ज-विनंत्या कराव्यात. पण त्या कागदाची वाट बघत येता हंगाम उघड्यावर काढणे शहाणपणाचे नाही.

जळका ऊस गाळता येतो हे खरे, पण तो तास मोजत असतो. साल तडकते, आत जंतू शिरतात, साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, आणि डेक्स्ट्रानसारखे चिकट पदार्थ तयार होऊन रस गाळताना व साखर बांधताना त्रास देतात. वजन घटते ते वेगळेच. ठिबकच्या नळ्या वितळतात, खोडवा बसतो. आणि ज्याचा ऊस पेटलेला नाही त्याचेही नुकसान होते. जळकी तोड आधी उचलावी लागते, टोळ्या तिकडे वळतात, आणि ज्याची तारीख लागली होती तो बिचारा तुऱ्याकडे बघत बसतो. तोडणी प्रोग्राम आमच्याच टेबलावर मोडतो, म्हणून हे ठासून सांगतो.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. सगळ्याच आगी झोळ पडलेल्या तारांनी लागत नाहीत. तोड लवकर मिळावी म्हणून, किंवा पाचट काढायचा त्रास वाचावा म्हणून, काही फड मुद्दाम पेटवले जातात. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. त्या फडाशेजारी टोळीच्या कोप्या असतात. आईबाप पहाटेच फडात गेलेले आणि कोपीत लेकरं निजलेली. कोपी पाचटाचीच असते हे पेटवणाऱ्याने एकदा डोळ्यांपुढे आणावे.

आता पैसा कशावर घालावा. मोठा नवा बंब, सिमेंटची इमारत आणि कोनशिला यांच्या आम्ही विरुद्ध आहोत. आपल्या पाणंदीत मोठी गाडी वळतच नाही. त्याऐवजी लांबच्या प्रत्येक गट ऑफिसात पाच हजार लिटरचा टँकर, त्यावर डिझेल पंप व पुरेसा पाईप, आणि ओढायला हंगामभर ठरवलेला ट्रॅक्टर ठेवावा. विजेच्या मोटारीवर भिस्त नको. आग लागते तेव्हा शेतीची लाईट असेलच असे नाही, आणि तारेखालची आग असेल तर पाणी मारण्याआधी सबस्टेशनला फोन करून लाईट बंद करावीच लागते. पोरांना हे शिकवायला हवे. वाऱ्याच्या पुढे जाऊन कोयत्याने पट्टा कसा पाडायचा, माघारी यायची वाट कशी मोकळी ठेवायची, हेही. आणि पहिला खर्च त्यांच्या बुटांवर, जाड कपड्यांवर व विम्यावर व्हावा. दुसऱ्याचा ऊस वाचवताना पोरगा भाजला, तर त्याच्या आईला कारखान्याने काय तोंड दाखवायचे?

दहा लाख टन गाळप धरले तर दोन रुपयांनी वीस लाख होतात. शंभर टन घालणाऱ्याचे दोनशे रुपये. मात्र लेखी संमतीशिवाय एक पैसाही कापू नये, रक्कम स्वतंत्र खात्यात राहावी, आणि तिचा हिशेब दर हंगामाच्या शेवटी याच अंकात छापावा. तीन वर्षांनी सभेने पुन्हा ठरवावे. एवढी बंधने घातली नाहीत, तर सभासदांनी विरोधात हात वर केला तरी आम्ही त्यांना दोष देणार नाही.

सभेपर्यंत एक काम करता येईल. ज्यांच्या विहिरीवर वा शेततळ्यावर डिझेल इंजिन आहे आणि टँकर आत येईल अशी वाट आहे, त्यांनी आपले नाव, गट नंबर व फोन गट ऑफिसात नोंदवावा. नोंदीला पैसे लागत नाहीत आणि ठरावाचीही गरज नाही.