उतार कोणाच्या मालकीचा?

आमच्या बालाघाट जिल्ह्याच्या नावातच घाट आहे. वैनगंगेकाठचे शहर मागे टाकून बैहरच्या वाटेस लागावे, तो थोड्याच वेळात रस्ता वळणे घेत पठारावर चढू लागतो. चढताना मोटारींना धाप लागते. उतरताना ट्रकवाले ब्रेकावर पाय ठेवून देवाचे नाव घेतात. आणि या उतारांच्या आसपास जी पोरे वाढतात, त्यांना तोच उतार अष्टौप्रहर हाका मारीत असतो.

गेल्या उन्हाळ्यात आमचे एक अशील आपल्या बारा वर्षांच्या चिरंजीवास घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलाचा गुन्हा असा की, त्याने एका फळीखाली गॅरेजातून मागून आणलेली चार जुनी बेअरिंगे बसविली, पुढच्या आडव्या दांड्यास सुतळी बांधली, आणि त्या गाडीवर बसून तो रहदारीच्या रस्त्याने खडखडाट करीत खाली आला. एका शिपायाने गाडी काढून घेतली व मुलास दम भरला. वडिलांस भीती खटल्याची. "वकीलसाहेब, याला कलम कोणतं लागते?" असे त्यांनी विचारले. मुलाने मात्र निराळेच विचारले: "मग चालवू तरी कुठी?"

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या कलमात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तीत यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन अभिप्रेत आहे. बेअरिंगच्या गाडीला शक्ती पुरविते ती पृथ्वी. तेव्हा तिला ना परवाना, ना नोंदणी, ना विमा. तथापि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम एवढी चिकित्सा करीत नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन दुसऱ्याच्या जिवास धोका होईल इतक्या बेदरकारपणे हाकणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे आमच्या कायद्याच्या पुस्तकांत या मुलाला फक्त एकच जागा आहे, आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात! मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे.

आता याच गावातील दुसरे चित्र पाहा. ज्यांच्या मते बेअरिंगची गाडी म्हणजे उनाडपणाची परमावधी, तेच प्रतिष्ठित गृहस्थ शिवा केशवन यांचे नाव निघाले की छाती फुगवितात. मनालीच्या या खेळाडूने घसरगाडीच्या पोलादी पट्ट्या काढून तिला चाके लावली व हिमालयातील घाटरस्त्यांवर सराव केला. त्या सरावाची चित्रे पुष्कळांनी पाहिली आहेत. जमिनीपासून वीतभर उंचीवर उताणा पडलेला माणूस, पुढे पाय, मागे डोके. समोरून येणारे ट्रक, आडवे जाणारे मेंढ्यांचे कळप, आणि या साऱ्यांतून वाट काढीत जाणारी ती गाडी. "वाहवा! साधने नसली तरी भारतीय माणूस अडत नाही," असे म्हणून आम्ही टाळ्या वाजवितो.

आमचा आक्षेप या टाळ्यांना आहे. केशवन यांच्या पराक्रमाविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. ल्यूज या खेळात गाडीला ब्रेक नसतो. पोटऱ्यांच्या दाबाने आणि खांद्यांच्या हालचालीने ती वळवावी लागते. बर्फाच्या नळीतून ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेगाने देह लोटून द्यावयाचा, आणि हारजीत ठरावयाची ती सेकंदाच्या हजाराव्या भागात. शाळकरी वयात ऑस्ट्रियाचे ग्युंटर लेमरर यांनी भारतात घेतलेल्या शिबिरात केशवन यांची या खेळाशी गाठ पडली. १९९८ साली नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, ते उतरले व अठ्ठाविसावे आले. तेथून २०१८ च्या प्याँगचांगपर्यंत सलग सहा ऑलिंपिक त्यांनी खेळली. २०११ साली त्यांनी आशियाई चषक जिंकला व पुढेही तो अनेकदा मिळविला. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. या माणसाचे मोठेपण वादातीत आहे.

परंतु ज्या चित्राला आम्ही गौरवचित्र म्हणून भिंतीवर लावतो, ते वास्तविक आरोपपत्र आहे, आणि त्यातील आरोपी आम्ही आहोत. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात ऑलिंपिकच्या खेळाडूस सरावासाठी ट्रकांच्या चाकांमधून जावे लागते, ही भूषणाची गोष्ट कशी? ल्यूजची बर्फाळ धावपट्टी भारतात तेव्हा नव्हती, आजही नाही. अभाव हा अपराध नव्हे. अभावाचे स्तोत्र गाणे हा मात्र निश्चित अपराध आहे. कारण ज्याचे स्तोत्र गावयाचे, ते दूर करण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

पुढील इतिहासही याच मासल्याचा आहे. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकपूर्वी नव्या घसरगाडीचा खर्च उभा राहीना, तेव्हा दिल्लीतील काही वकिलांनी वर्गणी काढली. आमच्या व्यवसायबंधूंचे हे कृत्य स्तुत्य खरे. पण राष्ट्राच्या प्रतिनिधीची गाडी वर्गणीवर चालावी, यात राष्ट्राची स्तुती कोठे आली? २०१४ साली सोची येथे तर कळसच झाला. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकांच्या प्रकरणावरून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेस निलंबित केले होते. परिणामी केशवन यांना उद्घाटनाच्या संचलनात तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालावे लागले. निलंबन उठले ११ फेब्रुवारीस. केशवन यांची शर्यत त्यापूर्वीच संपली होती. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हे कोणत्याही न्यायशास्त्रात बसत नाही. आमच्या क्रीडाव्यवहारात ते बिनबोभाट बसले.

आणि या एकाकी वीरगाथेचे फलित काय? केशवन निवृत्त झाले, आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारतातर्फे एकच खेळाडू गेला, तो स्कीइंगचा. ल्यूजला कोणीही नव्हते. ज्या पराक्रमाला व्यवस्थेचा आधार नसतो, त्याला वारस नसतो.

यावर दोन आक्षेप येतील, याची आम्हांस कल्पना आहे. पहिला आक्षेप खर्चाचा: गोरगरिबांच्या देशात बर्फाची धावपट्टी हवी कशाला? आम्ही ती मागतच नाही. बैहरच्या रस्त्याला बर्फाची नळी घाला, असे म्हणण्याइतके आम्ही खुळे नाही. दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो गंभीर आहे. १२ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकूवरच्या स्पर्धेसाठी सराव करताना जॉर्जियाचा अवघा एकवीस वर्षांचा नोदार कुमारिताश्विली धावपट्टीबाहेर फेकला जाऊन पोलादी खांबावर आदळला व मरण पावला. आखीव धावपट्टीवर हे घडते, मग पोरांस उतारावर कसे सोडावे? मात्र त्या मृत्यूनंतर काय झाले तेही पाहावे. त्या वळणाशी भिंत उंच करण्यात आली, पुरुषांच्या शर्यतीचा आरंभ खाली आणण्यात आला, आणि मग स्पर्धा झाली. खांब उघडा ठेवणे हा संयोजकांचा दोष होता व तो उशिरा का होईना दूर झाला. धोका ओळखून त्याची व्यवस्था लावणे हा एक मार्ग; धोका म्हणून बंदी घालणे हा दुसरा; आणि धोक्याकडे पाहून टाळ्या वाजविणे हा तिसरा. पहिला सोडून उरलेले दोन्ही मार्ग आम्ही एकाच वेळी चोखाळतो. गल्लीतल्या पोरावर बंदी, मनालीच्या वीराला टाळ्या!

त्या शिपायाला आम्ही दोष देत नाही. ट्रकांच्या रस्त्यावरून मुलास हटविणे हे त्याचे कर्तव्यच होते. आमचे म्हणणे एवढेच की, कर्तव्य तेथे संपत नाही. तेथे ते सुरू होते. ज्याला एका जागेवरून उठविले, त्याला दुसरी जागा दाखविली पाहिजे.

ती जागा दाखविणे अवघड आहे काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत महिन्यातील एक रविवार, सकाळचे तीन तास, गावालगतचा एक लहानसा उतार वाहनांस बंद करावा. वळणांवर पेंढ्याचे भारे रचावेत. शेवटी सपाट मोकळी जागा ठेवावी. शिरस्त्राणावाचून कोणास गाडीवर बसू देऊ नये. एक डॉक्टर व दोन शिपाई उभे करावेत. याला कोटी लागत नाहीत, लाखही लागत नाहीत. अधिकार नाही म्हणावे, तर मोटार वाहन कायद्याचे ११५ वे कलम सार्वजनिक सुरक्षिततेसाठी रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्याचा अधिकार शासनाला देतेच. मंत्र्यांच्या मोटारींसाठी, मिरवणुकांसाठी व लग्नाच्या वरातींसाठी रस्ते अडविले जातात, तेव्हा कोणी कलम विचारीत नाही. मुलांसाठी विचारले, की सर्वांना कायदा आठवतो.

आमच्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या ३३ व्या नोंदीत, खेळ हा विषय नाटके, चित्रपट व करमणुकीच्या पंगतीस बसविला आहे. खेळ म्हणजे तिकीट काढून पाहावयाची वस्तू, ही आमची समजूत जुनीच आहे. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. संघटनांचे कारभार त्याने सुधारतील तर आनंदच आहे. पण दिल्लीतील कायदा बालाघाटच्या उतारावर आपोआप घसरत येत नाही. तो येथील नगरपालिकेने, शाळांनी, आणि तुम्हीआम्ही पालकांनी ओढून आणावयाचा असतो.

हे केवळ आमच्याच गावाचे गाऱ्हाणे नव्हे. गोमंतकातील जे वाचक चोर्ला आणि अनमोड घाटांच्या पायथ्याशी राहतात, त्यांनीही आपापल्या गावाकडे एकदा पाहावे. उतार सर्वत्र आहेत, टाकलेली बेअरिंगे सर्वत्र आहेत, आणि बारा वर्षांची मुलेही सर्वत्र आहेत. उणीव आहे ती फक्त त्यांच्यासाठी तीन तास रस्ता अडविणाऱ्या वडीलधाऱ्यांची.

त्या मुलाची गाडी पुढे त्याला परत मिळाली. खटला झाला नाही. गाडी आता घराच्या ओसरीवर उभी आहे. या वर्षीच्या सुट्टीपूर्वी आम्ही वर सांगितलेल्या व्यवस्थेचा अर्ज नगरपालिकेकडे देणार आहोत. त्यावर सह्या करण्यास जे तयार असतील, त्यांचे स्वागत आहे. ज्यांना केवळ टाळ्या वाजवावयाच्या असतील, त्यांनी तूर्त हात खिशात ठेवावेत.