ज्याच्याजवळ उतारा नाही, त्याने सुई धरू नये

सुंदर दिसावे ही इच्छा काही पाप नाही. काजळ-पावडर आली, तसे आता ‘फिलर’ आले. ओठ भरदार दिसावेत, सुरकुती बुजावी म्हणून हायलुरोनिक आम्लाची जेली कातडीखाली टोचतात. या हौसेला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांत मला भर घालायची नाही. माझा प्रश्न निराळा आहे. सुई कोणाच्या हाती असावी?

चेहऱ्यात रोहिण्यांचे जाळे असते. जेली चुकून रोहिणीत शिरली की रक्त अडते. कातडी पांढरी पडते, मग तिच्यावर जांभळट जाळी उमटते. रक्त परतले नाही तर तो भाग मरतो. नाकाच्या व भुवयांमधल्या रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असल्याने जेली उलट वाहून डोळ्यापर्यंतही पोचते. अशी गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. चेहऱ्यात भराव टोचल्यानंतर दृष्टी बाधित झाल्याच्या ९८ घटना २०१५ सालच्या एका वैद्यकीय आढाव्यात नोंदल्या आहेत.

यावर उतारा आहे. हायलुरोनिडेज नावाचे विकर ही जेली विरघळवते. कातडी फिकी दिसताच टोचणे थांबवून ते मोठ्या मात्रेत द्यावे लागते. बोटाने दाबून सोडल्यावर कातडीचा रंग चटकन परततो की नाही, हे पाहत गरजेप्रमाणे तासातासाने पुन्हा द्यावे लागते. कॅल्शियमयुक्त फिलरवर मात्र हा उतारा चालत नाही. म्हणजे काय टोचले, हे ठाऊक असणेही तितकेच महत्त्वाचे.

आता इंग्लंडकडे पाहा. तेथे डॉक्टर नसलेल्याने फिलर टोचण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. हायलुरोनिडेज मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कुलूप कोणीही लावावे, किल्ली मात्र दुसऱ्याकडे! सर ब्रूस किओ यांच्या अहवालाने २०१३ सालीच सरकारला सावध केले होते. अठरा वर्षांखालील मुलांना संरक्षण मिळाले ते १ ऑक्टोबर २०२१ पासून, आणि परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो २०२२ च्या कायद्याने. इतकी वर्षे का लागावीत?

कोणी म्हणेल, असे अपघात क्वचितच होतात. खरे आहे, आणि ते निष्णात डॉक्टरांच्या हातूनही होतात. पण डॉक्टर धोका ओळखतो, उतारा हाताशी ठेवतो. जिचा डोळा गेला तिला टक्केवारी सांगून काय उपयोग?

म्हणून मित्रहो, हौस जरूर करा. पण चेहरा पुढे करण्यापूर्वी भाव विचारू नका, उतारा कोठे ठेवला आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर सरळ उठून घरी या.