लाथा सुटल्या, ठोसे राहिले

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या कराटे क्लासच्या पाट्या बदलल्या आहेत. पूर्वी नुसते ‘कराटे’ असे. मग ‘कराटे व किकबॉक्सिंग’ झाले. आता त्याखाली ‘बॉक्सिंग’ हा शब्दही रंगवलेला दिसतो. हॉल तोच, शिकवणारे सर तेच आणि मुलेही बहुधा तीच. परवा एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन फिटनेस सर्टिफिकेटसाठी दवाखान्यात आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तीन वर्षं किकबॉक्सिंग केलं, आता याला बॉक्सिंगमध्ये घालतोय. लाथा तरी बंद होतील. निम्मा धोका गेला म्हणायचा!”

हिशेब वरवर पाहता बिनचूक आहे. दोन हात, दोन पाय. त्यातले पाय वजा केले की निम्मे उरले. पण शरीराचे गणित असे चालत नाही. आजचा लेख त्यासाठीच.

किकबॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या लाथा जातात कुठे? काही डोक्याकडे जातात हे खरे, पण पुष्कळशा मांडीवर, नडगीवर आणि बरगड्यांवर बसतात. असा मुलगा माझ्याकडे लंगडत येतो. मांडी काळीनिळी झालेली असते, बर्फाने शेकायला सांगायचे, विश्रांती द्यायची, आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा पळायला लागतो. मांडीचा स्नायू भरून येतो. मुष्टियुद्धात मात्र पट्ट्याच्या खाली मारायला बंदी. म्हणजे मारायला जागा उरली छाती-पोटाची आणि डोक्याची. मांडीवर जायचा तो मार आता वर सरकला. त्यातून वेळ पाहा. जपानमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या के-वन पद्धतीच्या किकबॉक्सिंगची लढत साधारणपणे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांची. व्यावसायिक मुष्टियुद्धाची अजिंक्यपदाची लढत बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटांची. धोका निम्मा झाला की चौपट, हे वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट आहे, ती शिकवणारे सर सहसा सांगत नाहीत. किकबॉक्सर उभा राहतो तो ताठ. पुढचा पाय हलका, कारण लाथ आली की तो उचलून अडवायचा असतो. खाली वाकायचे नाही, वाकलात तर तोंडावर गुडघा किंवा लाथ बसते. हे वर्षानुवर्षे अंगात मुरते. उलट मुष्टियोद्ध्याची सगळी विद्या कमरेतून झुकण्यात, डोके इकडून तिकडे सरकवण्यात, ठोसा कानाजवळून निसटू देण्यात असते. म्हणजे किकबॉक्सर या खेळात येतो तेव्हा डोके वाचवण्याची जी सवय सर्वांत गरजेची, तीच त्याच्या अंगात कच्ची असते. नवी सवय लागेपर्यंतचा काळ त्याचे डोके मोजत राहते.

आता डोक्यात होते काय ते थोडक्यात. मेंदू हा कवटीत घट्ट बसवलेला दगड नव्हे. तो पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा, दह्याच्या कवडीइतका मऊ अवयव आहे. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते. कवटी थांबते, मेंदू मागाहून फिरतो. या पिळाने आतले बारीक तंतू ताणले जातात. कधी मेंदूवरून आवरणाकडे जाणारी नाजूक शीर तुटते आणि रक्त हळूहळू साचू लागते. लोक म्हणतात, मोजे जाड आहेत, शिरस्त्राण आहे. मोजे मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडे वाचवतात. शिरस्त्राणाने कातडी फाटणे कमी होते. आतला पीळ त्याने थांबत नाही. पुरुषांच्या हौशी मुष्टियुद्धात वरच्या पातळीवर २०१३ पासून शिरस्त्राण काढूनच टाकले गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले.

हे ज्ञान काही नवे नाही. अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली ठोसे खाऊन खाऊन दारू प्यायल्यासारखे चालणाऱ्या मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून आतली झीज दाखवून दिली. ही झीज लढत संपल्यावर दिसत नाही. वर्षांनी दिसते, विसरभोळेपणा, चिडखोरपणा, बोबडे बोलणे, हात थरथरणे. आणि आजही तिचे पक्के निदान माणूस गेल्यावरच होते. तात्काळ मृत्यूचेही उदाहरण आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर अजिंक्यपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या.

तरीही किकबॉक्सर इकडे येतात, कारण पैसा इकडे आहे. आणि येणारे सगळेच फसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. युक्रेनचा विताली क्लिच्को आधी किकबॉक्सर होता. १९९६ साली तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला, हेवीवेट गटात विश्वविजेता झाला, पुढे २०१४ मध्ये कीव्ह शहराचा महापौर झाला. सत्तेचाळीस लढतींत फक्त दोन हारला आणि दोन्ही वेळा हरवले ते दुखापतीने. २००० साली बर्लिनमध्ये गुणांवर पुढे असताना खांद्याभोवतीचे कंडरे फाटले. २००३ मध्ये लॉस एंजलिसला लेनॉक्स लुईसविरुद्ध डाव्या डोळ्यावर अशी खोल जखम झाली की तिन्ही पंचांच्या गुणपत्रकावर पुढे असूनही सहाव्या फेरीनंतर डॉक्टरने लढत थांबवली. जखमेला साठ टाके पडले. प्रेक्षकांनी आरडाओरड केली, खुद्द क्लिच्कोही संतापला. पण माझ्या मते त्या रात्री सर्वांत धैर्याचे काम त्या डॉक्टरने केले.

क्लिच्को मुष्टियुद्धात एकदाही खाली पडला नाही असे कौतुकाने सांगतात. ते खरेच आहे. पण १९९२ मध्ये किकबॉक्सिंगच्या लढतीत फिरत आलेल्या एका लाथेने तो बाद झाला होता, हेही तितकेच खरे. मुष्टियुद्धाच्या वहीत ती नोंद नाही. मला खरे बोलायचे आहे ते या वहीबद्दल.

थायलंडचा सेन्साक मुआंगसुरिन १९७५ साली विश्वविजेता झाला तो व्यावसायिक मुष्टियुद्धातल्या अवघ्या तिसऱ्या लढतीत. कागदावर तो दोन लढतींचा नवशिक्या होता. प्रत्यक्षात तो मुय थाईच्या रिंगणात पोळून निघालेला गडी होता. त्या देशात मुले शाळेच्या वयातच लढू लागतात आणि पंचविशीच्या आत शंभर लढती झालेले लढवय्ये तिथे दुर्मिळ नाहीत. त्यांच्यातलाच खाओसाय गॅलॅक्सी. त्याने एकोणीस वेळा विश्वविजेतेपद राखले आणि १९९१ मध्ये विजेता म्हणूनच निवृत्त झाला. कौशल्याला माझा दंडवत. पण खेळ बदलला की लढतींची मोजणी शून्यापासून सुरू होते, ही पद्धत डॉक्टर म्हणून मला पटत नाही. मेंदूला खेळाचे नाव कळत नाही. ठोशाने हलला काय, नडगीने हलला काय, तो हललाच.

अमेरिकेचा ख्रिस अल्जिएरी हा तर पोषणशास्त्रात मास्टर्स पदवी घेतलेला माणूस. किकबॉक्सिंगमध्ये अपराजित. जून २०१४ मध्ये पहिल्याच फेरीत दोनदा पडून, उजवा डोळा सुजून पूर्ण बंद झालेला असताना तो लढला आणि विश्वविजेता झाला. पाच महिन्यांनी मॅनी पॅकियाओने त्याला सहा वेळा खाली पाडले. काय खावे हे ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळते, त्यानेही काय खाल्ले ते पाहा. जपानचा तेन्शिन नासुकावा किकबॉक्सिंगमध्ये कधी न हरलेला पोरगा. २०१८ च्या ३१ डिसेंबरला त्याला फ्लॉईड मेवेदरसमोर प्रदर्शनीय सामन्यात उभे केले. वयाने विशीचा, वजनाने हलका. पहिल्या फेरीत तीनदा पडला, सामना थांबवावा लागला. २०२३ मध्ये तो रीतसर मुष्टियुद्धात आला तो मात्र तयारी करून. फरक इथे आहे. पुरेशी तयारी करून उतरणे वेगळे आणि तिकीट खपते म्हणून उतरवणे वेगळे.

आपल्याला हे खेळबदल अपरिचित नाहीत. खाशाबा जाधव मातीतले पैलवान. १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर उतरले, सहावे आले. चार वर्षे घासले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणले. पण माती काय, मॅट काय, कुस्तीत कान मोडतो, गुडघा जातो. डोक्यावर मारून बेशुद्ध करणे हा डाव तिथे नाही. मुष्टियुद्धात तो विजयाचा राजमार्ग आहे.

त्या सतरा वर्षांच्या मुलाला मी वडिलांना बाहेर बसवून विचारले, “आतापर्यंत डोक्याला किती वेळा लागलं?” तो आधी हसला. मग म्हणाला, दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती, एकदा घरी येऊन उलटी झाली होती, आईला वडापावचे सांगितले. क्लासमध्ये याची नोंद? नाही. दुसऱ्या दिवशी सराव? केला. हौशी मुष्टियुद्धात डोक्यावरच्या ठोशाने बाद झालेल्याला निदान तीस दिवस रिंगणाबाहेर ठेवण्याचा नियम आहे. पण नियम लागू व्हायला घटना कोणीतरी लिहून ठेवावी लागते. मी सर्टिफिकेट तूर्त रोखले आणि त्याला डोळ्यांच्या व मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवले. वडील जरा नाराज झाले.

मी या खेळाच्या विरुद्ध नाही. दोरी मारणे, पिशवीवर ठोसे मारणे, पावले टाकणे यासारखा व्यायाम नाही, मुलींनी तर जरूर करावा. माझे म्हणणे एवढेच की वाढत्या वयात सरावात डोक्यावर मारामारी नको. आणि मूल एका खेळातून दुसऱ्यात गेले तरी त्याची मारहाणीची वही त्याच्याबरोबर जावी. तारीख, काय लागले, शुद्ध गेली का, उलटी झाली का, किती दिवस विश्रांती घेतली. शंभर पानी वही पुरते. सरांनी ठेवली तर उत्तम, नाहीतर आईने ठेवावी.

सराव करताना डोक्याला लागून मूल गांगरले, तेच तेच विचारू लागले, तोल जाऊ लागला, तर त्या दिवशी सराव बंद. ‘पाणी मारा, होईल बरा’ हे नको. सुरुवातीला ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत. दुखलेच तर साधे पॅरासिटॅमॉल. दोन दिवस अभ्यास, मोबाईल, पळापळ कमी. पुन्हा अंगाला अंग भिडवायचे ते डॉक्टरांनी तपासल्यावरच. आणि डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या झाल्या, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, बोलणे अडखळू लागले, फिट आली किंवा मूल अवेळी झोपाळू होऊन हलवूनही नीट उठेना, तर सकाळची वाट पाहू नका. मार लागल्यावर तासभर अगदी ठणठणीत वाटून मग ही लक्षणे सुरू होऊ शकतात. माझ्या दवाखान्याची बेलही तेव्हा वाजवू नका. माझ्याकडे स्कॅनचे यंत्र नाही. गाडी करून थेट जिथे सी.टी. स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते तिथेच घेऊन जा आणि वही बरोबर न्या.