ट्रॉलीची तडकलेली चौकट

सावनेर तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते, संत्र्याचा आंबिया बहारही त्याच सुमारास तोडणीला येतो. या दिवसांत केळवद, खापा, पाटणसावंगीच्या रस्त्यांवर सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून बाया कामाला जाताना दिसतात. संध्याकाळी खाली कापसाची गाठोडी आणि वर त्याच बाया. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्येही तिची गणना प्रवासी गाडीत होत नाही. पण मजुरीला वेळेवर पोचायचे तर दुसरी सोय कोणती? तेव्हा ज्या ट्रॉलीत आपली आई-बहीण चढते, तिची चौकट कशी मोडते आणि कशी जोडावी, हे घरातल्या सर्वांनीच समजून घेतले पाहिजे.

ट्रॉलीचा सांगाडा म्हणजे दोन लांब चॅनल, त्यांना जोडणारे आडवे अँगल आणि पुढे निमुळता होत गेलेला त्रिकोण. या त्रिकोणाच्या टोकाचे कडे ट्रॅक्टरच्या हुकात पिनने अडकवतात. दोन चाकी ट्रॉलीत ओझ्याचा काही भार याच टोकावर येतो आणि काळ्या मातीच्या पांदणीतला प्रत्येक खड्डा त्याला खालीवर हिसडे देतो. लोखंड एका दणक्यात क्वचितच तुटते. तार वाकवून वाकवून आपण तोडतो ना, तसेच तेही हळूहळू थकते. भेग बहुधा जुन्या वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या छिद्रापाशी सुरू होते. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबूस गंज, ही तिची पहिली खूण.

आपल्याकडे दुरुस्ती कशी होते? भेगेवरून रॉड फिरवायचा, वरून काळा रंग मारायचा, की झाले! अशी ट्रॉली महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी उघडते.

खरी दुरुस्ती अशी. ट्रॉली रिकामी करून ट्रॅक्टरपासून सोडवावी. लाकडी ठोकळ्यांवर सरळ टेकवावी, नाहीतर वाकडी चौकट वाकडीच जोडली जाते. रंग, गंज, ग्रीस ग्राइंडरने काढून लोखंड चकचकीत करावे. भेगेचे टोक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रॉकेल लावून पुसावे आणि खडूची पूड चोळावी; आत शिरलेले रॉकेल पाझरून रेघ उमटते. त्या टोकाला ५-६ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. मग भेगेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडावी, कारण वरवरचा टाका ओझे पेलत नाही.

साध्या कामाला ६०१३ नंबरचा रॉड चालतो. जाड चॅनलला ७०१८ बरा, पण तो भट्टीत नीट वाळवलेला हवा. ओलसर रॉडने जोड आतूनच तडकतो. प्रत्येक थरानंतर वरची खपली ठोकून काढावी. आणि काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतण्याची घाई मुळीच करू नये! तापलेला सांधा एकदम थंड झाला की ठिसूळ होऊ शकतो.

वरून आधाराची पट्टी लावायची तर तिची टोके चौकोनी ठेवू नयेत, पतंगासारखी निमुळती कापावीत. लांबीच्या कडांना वेल्डिंग करावे, चॅनलला आडवे नव्हे. नाहीतर पट्टी जिथे संपते तिथेच नवी भेग पडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगने जोडलेली लिबर्टी जहाजे बांधली. त्यांतल्या कित्येकांच्या भेगा डेकवरील झाकणांच्या चौकोनी कोपऱ्यांतून निघाल्या होत्या. जहाजाला जे सोसले नाही ते ट्रॉलीला कसे सोसावे?

काही भाग मात्र जोडायचेच नसतात. हुकाची पिन, चाकांचा आस आणि स्प्रिंगचे पाटे तुटले तर नवेच घालावे. पाट्याला वेल्डिंगची आच लागली की त्याचे पाणी उतरते. मालक खर्चासाठी कुरकुरेल, पण वेल्डरभाऊंनी इथे ठाम नकार द्यावा.

वेल्डिंगच्या दुकानांत आपली पुष्कळ पोरे शिकतात आणि टाका लावताना नुसता हात आडवा धरतात. कारण काय, तर वेळ वाचतो! त्या वेळी काही वाटत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. १० किंवा ११ नंबरच्या काचेशिवाय ठिणगीकडे पाहू नये, पाहणाऱ्या लहान मुलांनाही हटकावे. डोळे लाल झाले तर घरगुती रस पिळू नयेत, डॉक्टरांना दाखवावेत.

बायांनी सकाळी चढण्याआधी ट्रॉलीच्या पुढे जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. त्रिकोणावर गंजाची रेघ आहे का? पिनला खालून क्लिप आहे का? आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जास्तीच्या साखळीने बांधली आहे का? क्लिपच्या जागी वाकवलेली तार दिसली, तर क्लिप येईपर्यंत सगळ्यांनी मिळून खालीच थांबावे.