राखेतले पोटॅश कोणाचे?

उसाबरोबर शेतातले पालाश, म्हणजे पोटॅशही कारखान्यात जाते. ते साखरेत उतरत नाही, मळीत राहते. मळीपासून मद्यार्क काढला की मागे राहणाऱ्या सांडपाण्यात, स्पेंटवॉशमध्ये उरते. माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला हे नवे नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचे हे गाव. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच.

एक लिटर मद्यार्कामागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. हे काळपट, उग्र वासाचे पाणी ओढ्यात सोडले की काय होते, ते साखरपट्ट्याने पुरेपूर भोगले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने थेंबही बाहेर सोडू नये असे बंधन घातल्यावर ते आटवून घट्ट करायचे आणि बॉयलरमध्ये जाळायचे, ही पद्धत रुळली. सेंद्रिय भाग जळतो, क्षार राखेत उरतात. नीरेकाठच्या वालचंदनगरला तर एका डिस्टिलरीने भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेच्या तंत्राने स्पेंटवॉशमधूनच पोटॅश वेगळे काढण्याचा मार्ग धरला.

केंद्र सरकारने 2021 मध्ये या राखेच्या खताला अनुदान योजनेत घेतले. त्यात किमान 14.5 टक्के पोटॅश असावे लागते. बाजारातल्या लाल पोटॅशमध्ये 60 टक्के असते. म्हणजे चार पोती राख तेव्हा कुठे एक पोते पोटॅश. वाहतुकीचा खर्च इथेच आडवा येतो, आणि म्हणून हा माल लांब नेण्यापेक्षा ज्या शिवारातून ऊस आला तिथेच जिरवणे शहाणपणाचे. 2024 च्या सुरुवातीला कारखाने आणि खत कंपन्यांनी टनाला 4263 रुपये दर ठरवला. त्या हिशेबाने पोटॅशचा किलो सुमारे 29 रुपयांना पडतो. आपला देश पोटॅशसाठी जवळजवळ पूर्णपणे परदेशावर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले तर हा दर जड नाही.

मात्र राख नुसती शेतात ओतणे म्हणजे खत देणे नव्हे. कालव्याच्या पाण्याखाली जमिनी क्षारपड होत असताना क्लोराइडसह सगळे क्षार पुन्हा त्याच मातीत टाकणे हा उलटा धंदा ठरेल. माती तपासून, मात्रा ठरवून, जमले तर शुद्ध करूनच ते द्यायला हवे. हा खर्च कारखान्याने करावा. पालाश शेतकऱ्याच्या रानातूनच आले आहे. त्यावर पहिला हक्कही त्याचाच, खत कंपनीचा नंतर.

सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत एवढेच विचारावे: यंदा किती टन राख निघाली, ती कोणाला विकली आणि काय दराने? उत्तर छापील अहवालात मागावे.