हिवाळ्याचा खुराक : किती, कधी आणि कुणासाठी?

दिवाळी सरली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये थंडी जाणवू लागते. मराठी घरांत अळीव, डिंक, मेथीच्या लाडवांची तयारी होते. दुसरीकडे मोबाइलवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल आणि पावडरींच्या जाहिराती सुरू होतात. यातलं काय घ्यावं आणि किती, हे आधी समजून घ्या.

अळीव : बाळंतिणीच्या आहारात अळिवाला मान आहे, कारण त्यात लोह आणि प्रथिनं भरपूर असतात. खारी बावलीत किंवा तुमच्या भागातल्या पंसाऱ्याकडे ‘हलीम’ किंवा ‘चंसूर’ म्हणून मागा. एक छोटा चमचा पुरेसा आहे. अळीव पाण्यात फुगतात, म्हणून कोरडे गिळू नका, भिजवूनच खा. वर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा खा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. लगेच चहा घेतला तर हा फायदा कमी होतो. गरोदरपणात मात्र अळीव टाळण्याचीच रीत आहे.

डिंक : इथे डिंकाला ‘गोंद’ म्हणतात. पण ‘गोंद कतीरा’ वेगळा. तो पाण्यात फुगतो आणि उन्हाळ्यात सरबतात घालतात. लाडवांसाठी तुपात तळल्यावर फुलणारा डिंक हवा. लाडवात तूप, गूळ, सुका मेवा असतो, त्यामुळे दिवसाला एक लहान लाडू बस्स!

मेथी : मेथ्यांतल्या तंतूंमुळे जेवणानंतर साखर हळूहळू वाढते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोज मेथ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर जास्तच उतरू शकते.

हळद : भाजी-आमटीतली चिमूटभर हळद आणि हळदीच्या अर्काची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्कामुळे काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर मनाने ती मुळीच सुरू करू नये.

डबा विकत घेताना

एफएसएसएआयच्या नियमांनुसार अशा पूरक आहाराच्या वेष्टणावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे ‘औषध म्हणून वापरू नये’, असं छापावं लागतं. हे वाक्य, १४ अंकी परवाना क्रमांक आणि रोजचं प्रमाण शोधा. ‘मधुमेह बरा करतो’ असा दावा दिसला तर डबा तिथेच ठेवा.

लाडू गोळीची जागा घेत नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून थकवा, धाप, चक्कर जाणवली तर केवळ अळिवावर विसंबून राहू नका. हिमोग्लोबिन तपासा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर लाडू सुरू झाले म्हणून त्या बंद करू नका.

पूर्वी घरातल्या मोठ्या बायका ऋतू, वय आणि पचन पाहूनच लाडू हातावर ठेवत. तुम्हीही तेच करा. घरात कोणाची कोणती औषधं चालू आहेत ते आधी पाहा आणि मगच खुराकाचा डबा उघडा.