हक्काचा खर्च कोणी सोसावा?

हक्क कायद्याने मिळणे आणि तो प्रत्यक्ष वापरता येणे, यांत मोठे अंतर असते. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरला. प्रभाग स्त्रियांसाठी राखीव आणि उमेदवार तृतीयपंथी, म्हणून तो फेटाळला गेला. वास्तविक स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच मान्य केला होता. अखेर औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली आणि मतदारांनी त्यांना निवडूनही दिले.

ग्रामीण मतदार मागासलेला, ही समजूत येथे खोटी ठरते. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने तर २०१७ मध्येच तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच केले होते. अडले ते कचेरीत.

लातूर-नांदेडही याच खंडपीठाच्या कक्षेत येतात. उद्या अहमदपूर तालुक्यात असा अर्ज आल्यास अर्जदाराने पुन्हा वकिलाची फी मोजावी काय? पोटाचीच भ्रांत असलेल्यास तो खर्च झेपणारा नाही. ज्याला न्यायालय परवडते त्यालाच मिळणारा हक्क हा हक्क नव्हे. अर्ज तपासणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला हा निर्णय आधीच ठाऊक करून देणे, हे शासनाचे कर्तव्य होय.